दोन खंड्या आन् सात

बिरामामांची मोजणी विसाच्या पुढं जात नसे. वीस झाले की एक खंडी, आणि पुन्हा एकपासून सुरुवात. मेंढरं अशीच मोजतात, आणि मामांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यामुळं क्रिकेटच्या धावांनाही त्यांनी वेगळा न्याय लावला नाही.

मामा शिरूरला माझे शेजारी. नव्वदच्या दशकात आमच्या टीमनं गोव्यातल्या सहा-सहा ओव्हरच्या टुर्नामेंटला नाव दिलं. आठवडाभर, तेही समुद्राकाठी, म्हटल्यावर खेळायला सगळे तयार. स्कोअर लिहायला कुणी मिळेना. शेवटी मी कॅप्टन या नात्यानं मामांना ट्रॅक्स जीपमध्ये बसवलं. सामान म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि काठी.

पहिल्याच सामन्यात तिथल्या आयोजकांनी स्कोअर विचारला. मामा म्हणाले, "दोन खंड्या आन् सात." तिकडं भात खंडीनं मोजतात. त्या भल्या माणसानं, इथं क्रिकेट चाललंय, भाताची खरेदी नव्हे, असं फार गोडीनं समजावून सांगितलं. मामांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि वहीत पुढची रेघ ओढली. सत्तेचाळीस म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती असं नाही. आपली रीत कशाला सोडायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

धावांचं एक वेळ परवडलं, पण ते आम्हालाही मोजायचे. चहाला थांबलो की मोजायचे, जेवायला बसलो की मोजायचे. नावानं नाही, जोडीनं: दोन, चार, सहा. आम्ही समुद्रात उतरलो की मामा काठावर उभे. समुद्राविषयी त्यांचं मत काही बरं नव्हतं. "एवढं पानी, आन् एका मेंढराच्या कामाचं न्हाई," असं म्हणायचे. कुणाचं डोकं लाटेखाली गेलं की अशी हाळी घालायचे, की आमच्याबरोबर दोन-चार परदेशी पाहुणेही मुकाट्यानं बाहेर यायचे.

एवढं होऊनही आम्ही फायनलला पोचलो. शेवटचा चेंडू पडला आणि वाद सुरू झाला. आम्ही म्हणत होतो जिंकलो, समोरचे म्हणत होते एक धाव कमी आहे. अंपायरनं दोन्हीकडच्या वह्या मागवल्या. आमच्या वहीत शेवटची ओव्हर कोरी होती, आणि मामा खुर्चीत नव्हते. आउट होऊन आलेला शिवाजी मंडपात दिसेना, म्हणून ते वही टाकून पाण्याकडं पळाले होते. शिवाजी मागच्या टपरीवर सोडा पीत होता. एका धावेनं कप गेला.

सगळ्यांत जास्त पेटला तो शिवाजीच. पुन्हा म्हाताऱ्याला आणायचं नाही, आणि हे त्यांना तूच सांगायचं, असं सगळ्यांनी मला बजावलं. परतीच्या वाटेवर मी सांगणं टाळत टाळत शिरूरच्या अलीकडं सणसवाडीपर्यंत आणलं. मग मामांच्या शेजारी सरकलो आणि म्हणालो, "मामा, एवढा लांबचा प्रवास आता तुमास्नी झेपायचा न्हाई."

"झेपतुय की," मामा म्हणाले. रस्त्याकडेच्या कंपन्यांकडं बघत बसले. मग म्हणाले, "माज्या पोरांनी हितंच कंपनीत कामं धरून खोल्या केल्यात. दिवाळीला मेंढरं इकली. तवापासनं सांज झाली की हात शिवशिवत्यात. घरात मी एकटा. सोताला किती येळा मोजू?"

 खरं सांगायचं तर मला लाज वाटली. पुढच्या सीटवर शिवाजी बसला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शिरूरच्या स्टँडसमोर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. पोरं पिशव्या उचलून आपापल्या वाटेला लागणार, तेवढ्यात शिवाजीनं सगळ्यांना अडवून ओळीत उभं केलं. स्वतः कडेला उभा राहिला.

"मामा, मोजून घ्या," तो म्हणाला.

मामांनी काठी उचलली. दोन, चार, सहा करत अकरापर्यंत आले. क्षणभर थांबले, चुकलं वाटतं म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. आम्ही जागचे हललो नाही.