ताई, ताट जरा वर

माझी शाळा चौथीत सुटली. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी, यात माझा गोंधळ होतो. अक्षर तर असं, की कालचं लिहिलेलं आज मलाच लागत नाही. वाचणाऱ्याने रागावू नये. पण जोगळेकर काकांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या फोटोसाठी ताट धरून उभी राहणारी मी एकटीच होते.

खांदेश्वरचं स्टेशन नवं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही तळमजल्यावर. मागच्या ओट्यावर मी तेलाच्या डब्यात अबोली लावली होती. वरच्या मजल्यावर काका एकटेच राहायचे. कारखान्यात नकाशे काढून रिटायर झालेले. एका सकाळी गळ्यात कॅमेरा घालून ते आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या अबोलीवर उजेड वाईट पडतोय. एक ताट आणता?"

म्हातारा माणूस, एकटा, भूक लागली असेल. मी भाकरी-भाजी वाढून ताट आणलं. काका ताटाकडे बघत राहिले. मग मुकाट्याने बसून जेवले, ताट नळाखाली धुतलं आणि म्हणाले, "आता हे उन्हात धरा."

तेव्हापासून रोज सकाळी माझी ड्युटी. फूल सावलीत, मी उन्हात, आणि ताटावरचा उजेड फुलाच्या खालच्या बाजूला. "ताई, ताट जरा वर. उजेड ओतायचा नाही, वाढायचा. थोडा थोडा." ऊन चढलं की ते वर धोतर बांधायचे, म्हणजे ऊन गाळून यावं. माझी वाळत घातलेली लुगडी दिसू नयेत म्हणून फुलामागे काळी छत्री. मी एकदा डबा सरकवून फूल बरोबर मध्ये आणलं, तर केवढे चिडले! "मधोमध कशाला? सत्यनारायण मांडलाय का? कोपऱ्यात राहू दे." वारा आला की ओरडायचे, "श्वास धरा!" आणि मी पण धरायचे.

शेजारची मंदा भांडी घासता घासता हसायची. "काय गं, आज पण ताट? तुमी दोघं एक दिवस पेपरात येणार बघ." आमचे हे मार्केटमध्ये माथाडी. ते म्हणायचे, "आज ताट मागतोय, उद्या परात मागंल म्हातारा."

पण काकांचा एकच हट्ट होता. श्रावण संपायच्या आत अबोलीचा एक फोटो नीट यायला हवा. नंतर उपयोग नाही. मला वाटलं, कुठलीतरी स्पर्धा असेल. विचारायचा धीर झाला नाही. पनवेलहून रोल धुऊन यायचे. एकात फूल लालभडक, एकात पांढरंफटक, एकात नुसती माशी. काका पाकीट उघडून बघायचे आणि जिना चढायचे.

शेवटचे दोन दिवस राहिले आणि त्या सकाळी आभाळ भरून आलं. ताटात उजेडच नाही. काका पायरीवर बसले. "संपलं, ताई."

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "काका, आज ताट नकोच. देवानेच धोतर बांधलंय की वर."

त्यांनी वर बघितलं. मग फुलाकडे. उजेड सगळीकडून सारखा, मऊ पडला होता. उठले आणि फोटो काढला. एकच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. भिंतीवर फ्रेम होती. अबोलीचा घोस वरच्या कोपऱ्यात, बाकी नुसती सावली. मी म्हटलं, "एवढी जागा रिकामी?"

त्यांनी कपाटातून एक जुना फोटो काढला. बाई उभी होती, मागून भर दुपारचं ऊन. चेहरा पार काळा आला होता. उजेड होता तो फक्त केसातल्या अबोलीच्या वेणीवर.

"सबंध संसारात हिचा एकच फोटो काढला. उन्हाकडे पाठ करून उभी केली मी. तेव्हा कळत नव्हतं हो." थांबून म्हणाले, "उद्या वर्षश्राद्ध आहे. भिंतीवर काहीतरी हवं."

मी दोन्ही फोटो शेजारी धरले. वेणी जिथे होती, तिथेच अबोली होती.

खाली आले, डब्यातली होती नव्हती ती सगळी फुलं तोडली आणि वेणी करून वर नेली. हार घालतात तशी मी फ्रेमला घालायला लागले, तर त्यांनी हात धरून थांबवलं. वरच्या कोपऱ्यावर लावून घेतली. मग दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक करून बघितलं.

"ताई, जरा सैल करा," म्हणाले. "घट्ट माळली की तिचं डोकं दुखायचं."