मुरबाडहून करून आणलेली सीट

सोमवारी ऑफिसात खुर्ची असून उभ्याने फायली चाळायची वेळ पुन्हा आली, तेव्हा किशोररावांनी ठरवलं, की आता मोटरसायकलची सीट बदलायचीच.

किशोरराव भातसानगरला धरणाच्या ऑफिसात क्लार्क. दिवाळीपासून क्वार्टरमध्ये एकटेच. लेक भूमिका ओतूरला बाळंत झाली, नेमकं तेव्हाच तिच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून किशोररावांची बायको संजीवनीबाई तिकडे गेल्या आणि नातवात अडकल्या. संध्याकाळी किशोरराव फोन करायचे. "जेवलात?" "जेवलो." "बाळ उठलं, ठेवते." राहिलेलं बोलणं ते कुकरशी करायचे. (कुकर निदान शिट्टी तरी द्यायचा.) म्हणून दर रविवारी ते गाडीला किक मारून शहापूर, किन्हवली, सरळगाव करत माळशेज चढायचे, नातवाला मांडीवर घ्यायचे (मांडी तेवढी शाबूत असायची) आणि परत फिरायचे. दुखणं कुणाला सांगायची सोय नव्हती. जागाच तशी होती.

आधी त्यांनी सीटवर गोधडी दुमडून बांधली. ती घाटात सुटली आणि मागच्या टेम्पोच्या काचेवर जाऊन बसली. टेम्पोवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग मोबाइलवरून जेलची गादी मागवली. टोकावड्याला चहासाठी गाडी उन्हात लावली आणि परत बसले ते तव्यावर भाकरी पडावी तसे.

शेवटी त्यांनी मुरबाडच्या बाजारातलं रोशनचं सीटकव्हरचं दुकान गाठलं.

"काका, नुसता मऊ फोम नाय चालत," रोशन म्हणाला. "तो दबला का तुमी पत्र्यावर. कडक फोम घालू, बैठक रुंद करू, पाठीला टेकण देऊ. पण मागं कोण बसतंय? डबल करू का सिंगल?"

"मागं?"

किशोररावांनी वळून पाहिलं. पुढचं रेक्झिन झिजून फाटलं होतं. मागचं तसंच कोरं होतं आणि त्यावर धूळ बसली होती.

"कोण नाय. एकटाच असतो मी," ते बोलून गेले. आपलाच आवाज ऐकून ते जरा चपापले. रोशनने टेप काढून सीट मोजली.

"मग राजासारखी बनवतो," तो म्हणाला.

सीट झाली ती साहेबाच्या खुर्चीसारखी. भली रुंद, मागे जाडजूड टेकण. त्या संध्याकाळी किशोररावांनी दारात गाडी लावून तिच्यावरच बसून चहा घेतला. पाठीला काहीतरी टेकलंय, असं बऱ्याच दिवसांनी वाटलं.

"संजीवनी गो, गाडीला नवीन शीट केली. बसलं का उठावंसं नाय वाटत!"

"बरं केलंत बाई. माझी पण कंबर हल्ली..." मागे बाळाने भोकाड पसरलं. "रविवारी गाडीच आणा हां! एसटीने येऊ नका!"

सीट बघायची किती ही हौस, असं वाटून किशोररावांनी शनिवारी गाडी शांपूने धुतली.

रविवारी ओतूरला पोचले, तर संजीवनीबाई नवी साडी नेसून, डोक्याला स्कार्फ बांधून, पिशवी घेऊन ओट्यावर तयार.

"आई निघाली, बाबा," भूमिका म्हणाली. "सासूबाई चालायला लागल्या आता."

संजीवनीबाईंनी गाडीला एक चक्कर मारली. मग उलटी एक मारली.

"आणि मी कुठं बसू?"

"तू... येणारेस?"

"मग गाडीच आणा म्हणून कशाला सांगितलं? माळशेजला उतरून दोघं भजी खाऊ म्हटलं. एवढी वर्षं नुसता खिडकीतून बघितलाय मी घाट."

"मला वाटलं, तुला शीट बघायचीय."

"बघितली." मग टेकण दाबून पाहत, "त्या सीटवाल्यानं विचारलं नाय, मागं कोण बसतं म्हणून?"

"विचारलं."

"काय सांगितलंत मग?"

किशोरराव आरशावरची नसलेली धूळ पुसत राहिले. संजीवनीबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

"राहू द्या," त्या हळू म्हणाल्या. "शहापूरची एसटी लागली असेल. चला, सोडा... नको, चालतच जाते. सोडणार कसे?"

पुढे एसटी, मागे सबंध तालुक्यातल्या सर्वांत आरामशीर सीटवर किशोरराव. घाटात भजीच्या टपऱ्या दिसल्या तसा त्यांनी हॉर्नवर हॉर्न मारला, पण ड्रायव्हरला वाटलं, हा पुढे जायला साइड मागतोय. त्याने मोठ्या मनाने साइड दिली. किशोररावांनी थांबून दोन प्लेट भजी बांधून घेतली आणि शर्टात घालून पुन्हा एसटीच्या मागे लागले.

शहापूरच्या स्टँडवर संजीवनीबाई उतरल्या. किशोररावांनी छातीशी धरलेली पुडी काढून दिली. त्यांनी तिथेच एक भजी तोंडात टाकली.

"गार झाली," त्या म्हणाल्या आणि दुसरी घेतली.

"तुला त्रास नाय ना झाला? गर्दी असेल गो."

"छे! गाडी मोकळीच होती. माझ्या शेजारची जागा तर इथपर्यंत रिकामी. तिथं मी पिशवी ठेवली." त्यांनी पिशवी किशोररावांच्या हातात दिली. "अगदी आरामात आली पिशवी."