हौगन घराची घटना आणि तळघराची झडप

हीटरचं बटण थोडं फिरवावं, एवढंच कर्टिसने ठरवलं होतं. बटण बासष्ट फॅरनहाइटवर होतं, म्हणजे स्वेटरवर स्वेटर. अमेरिकेच्या उत्तरेचं, जानेवारीतलं डुलुथ, बाहेर गोठलेलं सरोवर आणि कर्टिसची खोली तळघरात. (कॉलेज अर्धवट सोडून आलेल्याला तळघरच मिळतं. वरची खोली शिवणाच्या मशीनला दिलेली असते. मशीनने काहीच सोडलेलं नसतं.)

"हात काढ," मागून लोवेल हौगन म्हणाले. हे कर्टिसचे बाबा. त्यांनी जन्मभर हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं, पोटच्या पोराला त्यात नापास केलं आणि निवृत्तीनंतर घरालाच वर्ग समजू लागले. "या घरात कार्यकारी सत्ता माझी आहे."

"मग कायदे कोण करतं?"

बाबा अडकले. तत्त्वाचा माणूस स्वतःच्याच तत्त्वात अडकला की बघत राहावंसं वाटतं.

"काँग्रेस," ते अमेरिकेच्या संसदेचं नाव नाइलाजाने म्हणाले.

रात्री जेवणाच्या टेबलावर काँग्रेस भरली. आई मर्ना, आजी ॲग्नेस आणि कर्टिस. ओव्हनमधून काढलेली हॉटडिश वाढता वाढता कायदा झाला: घराचं बटण अडुसष्टवर. बाबांनी तिथल्या तिथे नकाराधिकार वापरला.

"दोन तृतीयांश मतं पडली की तुमचा नकार रद्द," कर्टिस म्हणाला.

"हे येत होतं, तर पेपरात का नाही लिहिलंस?"

"तेव्हा मला थंडी वाजत नव्हती."

आजीने सगळ्यांच्या आधी हात वर केला. "पोटच्या पोराविरुद्ध पहिल्यांदा मत देतेय," ती म्हणाली. "आधीच द्यायला हवं होतं."

बाबांनी निमूटपणे बटण अडुसष्टवर नेलं. मग ते खाली उतरले आणि तळघरात येणाऱ्या गरम हवेची झडप बंद करून आले.

"हे काय?"

"अंमलबजावणी. कायद्यात बटण आहे, झडप नाही. कायदा करणं तुमचं काम, राबवणं माझं."

कर्टिस तणतणत दिवाणखान्यात गेला. झडपेचा कायदा आत्ताच्या आत्ता हवा होता. आई मोजे काढून पुस्तक वाचत होती. आजी चक्क बिनबाह्यांच्या झग्यात बसली होती.

"काँग्रेसला सुट्टी लागलीय रे," आई पान उलटत म्हणाली.

"आणि मी गारठून मरू?"

"एक गोधडी जास्त घे, राजा," आजी म्हणाली.

मोठी माणसं अशीच. स्वतःचे पाय गरम झाले की देशापुढचे प्रश्न संपतात. कर्टिसने गोधडी घेतली नाही. मागितली तर ती माघार ठरली असती.

शनिवारी सकाळी तळघरातला पाइप फुटला.

कर्टिस ओल्या पायजम्यात वर आला. चेहरा मात्र जिंकलेल्याचा होता. बाबांनी धावत जाऊन पाण्याचा मुख्य नळ बंद केला. ते परत येईपर्यंत कर्टिसने काँग्रेसला सुट्टीतून उठवलं होतं.

"चौकशी करा यांची," तो म्हणाला. "काँग्रेसला तो अधिकार आहे. झडप यांनी बंद केली, पाइप गोठला. मला महाभियोग हवाय."

"झडप मी बंद केली," बाबा म्हणाले. आवाज जरा खालीच होता. कर्टिसला नागरिकशास्त्र इतकं कधीच आवडलं नव्हतं.

"थांबा," आजी म्हणाली. "काल मी पाखरांना दाणे घालायला मागे गेले, तेव्हा तळघराची खिडकी वीतभर उघडी होती. पाइपाच्या बरोब्बर वर. त्यातून सिगारेटचा धूर येत होता."

आईने पुस्तक मिटलं. "कर्टिस, तू सोडलीस म्हणाला होतास ना?"

"स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती माझ्यावर करता येत नाही," कर्टिस ताठ मानेने म्हणाला. "पाचवी घटनादुरुस्ती."

बाबांचे डोळे भरून आले. "मर्ना, ऐकलंस? नंबरसुद्धा बरोबर सांगितला. पास झाला गं."

आईने पास झालेल्याच्या हातात बादली आणि फडकं दिलं.

"मी नाही पुसणार. कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

आई आणि आजीने एकदम हात वर केले. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि हातरुमालावर हसत हसत सही ठोकली. त्या अख्ख्या हिवाळ्यात हौगन घरातल्या दोन्ही सत्तांचं एकमत झालं, ते या एकाच कायद्यावर.