एक्केचाळीस पानांची दुरुस्ती

राशी सोपी करणे म्हणजे नेमके काय, हे गणितात आजतागायत ठरलेले नाही. म्हणूनच ते काम संगणकावर सोपवलेले बरे.

कॅनडातल्या सॅस्कटूनच्या एका विद्यापीठात वेंडेल थीसनने पीएचडीसाठी पाच वर्षे खपून एक बैजिक राशी मिळवली होती. धान्याच्या पत्र्याच्या कोठारावर वारा आदळला की भिंतीवरचा दाब जुन्या सूत्राहून किती वेगळा पडतो, ते ती सांगत असे. लांबी एक्केचाळीस पाने. वडिलांची अशी तीन कोठारे होती (एक वाकलेले), त्यामुळे विषय घरचाच.

परीक्षकांनी राशी 'जरा आटोपशीर' मागितली. वेंडेलने संगणकावरच्या बीजगणित सोडवणाऱ्या प्रणालीला 'सोपे कर' अशी आज्ञा दिली. बावीस मिनिटांनी त्रेचाळीस पाने आली. मग त्याने जोड-पॅकेजे बसवायला घेतली. पहिल्याने सगळे साइन कोसाइनमध्ये बदलले. दुसऱ्याने, पहिल्याशी ओळख नसल्याने, ते सन्मानपूर्वक परत आणले. तिसऱ्यासाठी आधीची दोन्ही काढावी लागली (माहितीपत्रकात याला 'सुसंगतता' म्हटले होते). नवव्याने मंगळवारी दुपारी एका ओळीत उत्तर दिले: शून्य.

वेंडेलने आकडे घालून पाहिले. शून्यच. बाहेर उणे तीस असताना त्याला घाम फुटला. तो तडक मार्गदर्शक लारिसा हुडिमा यांच्याकडे गेला.

"मॅडम, माझ्या दुरुस्तीनं काहीच दुरुस्त होत नाही. जुनंच सूत्र बरोबर होतं."

बाईंनी डोनट मोडला. "तुझी राशी चुकलीय का?"

"नाही. ती शून्याइतकी आहे."

"म्हणजे दोन्ही समान. मग त्यातलं कुठलं छापायचं, हा आवडीचा प्रश्न."

"ही फसवणूक झाली, मॅडम."

"अरे, एक अक्षर खोटं नाही त्यात! फक्त सोपं करू नकोस."

वेंडेलने घरी फोन लावला. सगळे ऐकून वडील म्हणाले, "मग आपलं कोठार वाकलं कशानं?"

"तुमचा ट्रॅक्टर घासला होता, बाबा."

"ते मला ठाऊक आहे रे. तुला कळायला पाच वर्षं लागली, एवढंच."

आठवडाभर वेंडेल ती एक्केचाळीस पाने पुढे-मागे चाळत राहिला. अखेर सदतिसाव्या पानावर तळटीप घालून त्याने मनाची समजूत काढली: 'हे मूल्य व्यवहारात लहान असते.'

चारही परीक्षकांनी प्रबंध 'सखोल' ठरवला. एकाने फक्त अक्षर मोठे करायला सांगितले. आजवर अकरा संशोधकांनी त्याचा आधार घेतला असून दोघांनी राशी साठ पानांपर्यंत पुढे नेली आहे.

वाचकांना हसू येणे साहजिक आहे. हसून झाल्यावर प्रत्येकाने आपला बायोडेटा सोपा करून पाहावा. किती ओळी उरल्या, ते सांगण्याची सक्ती नाही.