अठ्ठेचाळीस ठोके

"बिशप उद्या सकाळी नऊला येणार आणि पापनिवेदनाच्या पेटीचं दार आज चार वाजलेत तरी लागत नाही!" फादरांनी सुतारापुढे अक्षरशः हात जोडले.

"फादर, तुम्ही निर्धास्त जा. तुम्ही इस्पितळातून परत येईपर्यंत दार असं लागेल की उघडायचं नाव घेणार नाही."

फादर आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला गेले. सुताराने दाराला नवा खटका बसवला आणि तो नीट लागतो का हे बघायला हातोडा घेऊन आत, जाळीआडून लोकांची पापकबुली ऐकायच्या फादरांच्या खुर्चीवर जाऊन बसला. दार ओढलं. खट्!

"वा!" म्हणून त्याने दार ढकललं. दार ढिम्म. आतली मूठ बसवायची राहिली होती. ती बाहेर बाकाखाली पिशवीत होती आणि पेचकसही तिथेच.

त्याने हाका मारल्या. पण वर सज्जात पंचवीस गळे आणि एक ऑर्गन उद्याच्या मिस्सेच्या, म्हणजे मोठ्या उपासनेच्या, गाण्यांचा सराव करत होते. हातोड्याने दार फोडता आलं असतं. पण कालच पॉलिश केलेलं दार बिशप यायच्या आदल्या दिवशी फोडायचं?

एवढ्यात जाळीपलीकडे कोणीतरी गुडघे टेकले. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलणं मात्र वर्गात शिकवल्यासारखं खणखणीत.

"फादर, आशीर्वाद द्या. मी पाप केलंय."

"बाई, थांबा! मी सुतार आहे, सुतार!"

"हो ना फादर, प्रभूसुद्धा सुतारच. म्हणून तर त्याच्यापाशी मन मोकळं करायचं. तर झालं असं, माझी जाऊ..."

सुताराला घाम फुटला. दुसऱ्याचं पापनिवेदन ऐकणं म्हणजे केवढा गुन्हा! कानावर शब्द पडू नये म्हणून त्याने डोळे मिटून हातोड्याने खालच्या फळीवर ठोकायला सुरुवात केली. ठोकत राहिला, ठोकत राहिला. बाई गप्प झाल्यासारख्या वाटल्यावर थांबला.

"सत्तेचाळीस?" बाईंचा आवाज कापत होता. "प्रायश्चित्त म्हणून सत्तेचाळीस वेळा नमो मरियाची प्रार्थना? फादर, पाप एवढंसं होतं हो!"

"नाही, नाही!" म्हणताना सुताराच्या हातून हातोडाच निसटला. ठण्!

"अठ्ठेचाळीस. बरं, बरं! आता आणखी वाढवू नका," म्हणत बाई घाईघाईने उठल्या.

बाहेर सातआठ जण रांगेत होते. "फादर आज भलतेच तापलेत," बाईंनी जाहीर केलं. "तोंडाने बोलतच नाहीत, नुसते ठोके देतात. मला अठ्ठेचाळीस!"

"बाईंना अठ्ठेचाळीस? मग माझं काय होणार?" बेकरीवाला दोन पावलं मागे सरकला. "सिस्टर, तुम्ही व्हा पुढे."

"मी कशाला? तुम्ही आधी आलात," इस्पितळातली नर्स म्हणाली.

बातमी रस्त्यावर गेली. रांग तीसवर पोचली. पुढे जायला कोणी तयार नाही आणि घरी जायलाही कोणी तयार नाही. आत सुतार आता सुटकेसाठी ठोकत होता; बाहेर लोक श्वास रोखून मोजत होते.

"एकसष्ट... बासष्ट... अहो, पण जाळीपुढे कबूल करायला कोणीच नाही. मग हे कोणाचे?"

"आपल्या सगळ्यांचे मिळून असतील," बेकरीवाला कळवळला.

तेवढ्यात मागच्या दाराने फादर आले. एरवी पाच माणसं नसतात, तिथे तीस! आणि पेटीत कोणीतरी बसलेलं! गावात दुसरा धर्मगुरू नाही. म्हणजे...

"फादर बाहेर? मग आत कोण?" रांगेत एकच गलका झाला.

"हळू! बिशप एक दिवस आधीच आलेत!" फादर कुजबुजले. साऱ्यांनी पटापट केस सारखे केले, बटणं लावली. फादर धावत जाऊन जाळीपुढे गुडघ्यांवर बसले आणि ऑर्गनच्या वर आवाज काढून म्हणाले, "बिशपस्वामी, मी गेली तीन वर्षं..."

ऑर्गन नेमका थांबला.

"...तेच ते प्रवचन पुन्हा पुन्हा वाचतोय!"

"फादर, मी सुतार!" आतून आरोळी आली.

मग मागून बेकरीवाला म्हणाला, "प्रवचनाचं आम्हाला ठाऊक होतं, फादर."

फादर आधी लाल झाले, मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यांनी बाहेरून खटका काढला. सुतार घामाने निथळत बाहेर आला. मूठ बसली, दार दोनदा उघडून पाहिलं गेलं आणि फादर स्वतः आत जाऊन बसले. "या आता. पहिलं कोण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुतार मात्र पुढे झाला.

"माझा नंबर," तो हळूच म्हणाला. "फादर, दुसऱ्याचं ऐकू येऊ नये म्हणून ठोकत होतो. पण त्या अंधारात एकटा बसल्यावर माझंच सगळं ऐकू यायला लागलं."

रांगेतल्या त्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला. "लग्नाच्या आदल्या दिवशी केलं होतं यांनी शेवटचं पापनिवेदन! अकरा वर्षं झाली!" तिचे डोळे भरून आले होते.

अर्धा तास झाला. बेकरीवाल्याची चुळबुळ सुरू झाली. "वहिनी, अजून किती वेळ हो?"

तिने डोळे पुसले आणि बाकावर ऐसपैस बसली.

"आता कुठे दुसरं वर्ष लागलं असेल. बसून घ्या सगळे."