मंदाताई गाण्यात भांडते

दारात कॅमेरा दिसला की आमच्या नांदे गावातली माणसं एकतर केस विंचरतात, नाहीतर शिव्या देतात. माझी शेजारीण मंदाताई गाणं म्हणते.

मंदाताई म्हणजे हळदीच्या गाण्यांची स्टार! तिचं गाणं वाजल्याशिवाय मुळशीत नवरदेवाला हळद लागत नाही. त्यामुळे मोबाईलवर बातम्या देणाऱ्यांनी तिच्या फाटकाशी ठाणच मांडलंय. ताई जाड झाली, हीसुद्धा त्यांना बातमी. त्याच संध्याकाळी ताईचं उत्तर आलं: 'जाडी तर जाडी, नेसते मी साडी, तुझ्या का रं पोटात दुखतंय?' चाल अशी फक्कड, की बातमीवालेच त्यावर नाचले.

"तोंडानं भांडलं तर एकालाच ऐकू जातंय. गाण्यात भांडलं की वरातीत वाजतंय," हे तिचं ठरलेलं. माझ्याशीही ती बया सांडपाण्यावरून गाण्यातच भांडली. माझी नात अजून ते म्हणते.

परवा मात्र अतिच झालं. 'मंदाचा नवरा कुठं गेला?' अशी हूल उठली. नवरा म्हणजे सदाभाऊ, तिचा ढोलकीवाला. दिवाळीपासून तो दिसला नव्हता. विचारलं की ताई सांगायची, "भावाकडं गेल्यात." एक बातमीवाला तर थेट मागच्या भिंतीवर चढायला लागला. तशी ताई ओसरीवर येऊन ओरडली, "हितं या, हितं! नवं गाणं ऐका!"

'मीच दिलं हाकलून मालकाला,
एकलीच नाचते मी हळदीला!'

गडी भिंत सोडून पळत पुढं आला. दुपारपर्यंत गावभर ताईची छीथू झाली. मलाही संताप आला. सदाभाऊसारखा देवमाणूस! जाब विचारायला मी तडक तिच्या मागच्या दारानं घुसले.

खाटेवर सदाभाऊ होता. अर्धं अंग लुळं, तोंड वाकडं. ताई त्याला मऊ भात भरवत होती. मला बघताच त्यानं तोंडावर चादर ओढली.

"त्यास्नी असं कुणी बघितलेलं न्हाई चालत," ताई म्हणाली. "मला काय बोलायचं ते बोलू दे. लोकं पुढल्या दाराशी ऱ्हायली, बास झालं."

माझे डोळे भरून आले. मी पाठ फिरवली.

"अवं, सकाळचं गाणं ऐकलं न्हवं?" ती हळूच त्याला म्हणाली. "ठेका चुकला का वो माझा?"

खाटेच्या कडेवर त्याच्या डाव्या हाताची बोटं वाजायला लागली. आणि मंदाताई तेच गाणं पुन्हा म्हणू लागली, फाटकापर्यंत जाणार नाही इतक्या बारीक आवाजात.