पाहुण्यांचा रक्तदाब

"माझा रक्तदाब आता माझ्या मुठीत आहे!" अशी घोषणा खलफान बिन झहरान यांनी नमाजेहून परतताना भर गल्लीत केली. जबल अखदर डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावातल्या निम्म्या खजूरबागांना तरी ती ऐकू गेली असावी. माणसांनी मात्र ऐकून न ऐकल्यासारखे केले, कारण त्या आठवड्यातील ती तिसरी घोषणा होती!

खलफान यांनी आयुष्यभर तांब्याच्या कढईत हलवा घोटून पंचक्रोशीचे तोंड गोड केले. त्या गोडव्याने उतारवयात त्यांच्याच रक्तात मुक्काम ठोकला. मधुमेह आला, आणि जावयाबरोबर त्याचा न बोलावलेला मित्र यावा, तसा पाठोपाठ रक्तदाबही आला. दोघांनी मिळून गेल्या रमजानात त्यांचे रोजे बंद पाडले. सारे घर उपाशी असताना मागच्या खोलीत एकट्याने भाकरी चावण्याचा प्रसंग त्यांच्यावर ओढवला. त्यातच सात वर्षांची नात शम्सा, अर्ध्या दिवसाचा पहिला रोजा सांभाळीत, दारातून डोकावली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही अजून लहान आहात का?"

तो घास त्यांच्या घशात अद्याप अडकून होता.

म्हणून या वर्षी त्यांनी डॉक्टर बुसैना यांच्याकडे धरणेच धरले. डॉक्टरबाईंनी त्यांना एक यंत्र दिले. दंडाला पट्टा बांधावा, कळ दाबावी, की रक्तदाबाचा आकडा आपोआप दवाखान्यातील पडद्यावर उमटे!

"काका, रमजानआधीचा हा शाबान महिना संपेपर्यंत सकाळ-दुपार मोजायचं," त्या म्हणाल्या. "आकडे शहाण्यासारखे वागले, तर औषधांच्या वेळा बदलून देईन, रोजे ठेवा. नाही वागले, तर नाही. मग माझ्यापुढे हलव्याचे डबे घेऊन यायचं नाही!"

नियमही सांगितले. पाठ टेकून बसावे, पाय जमिनीवर असावेत, आधी अर्धा तास कहवा नको, आणि मापताना मौन. सकाळचे मापन निर्वेध पार पडे. सकाळी घरात पत्नी झुवैना यांच्याखेरीज कोणी नसे, आणि त्यांच्यासमोर मौन पाळण्याचा खलफान यांना दीर्घ अभ्यास होता.

दुपारची गोष्ट वेगळी. त्या दिवशी असरच्या नमाजेनंतर त्यांनी बैठकीत पट्टा दंडाला गुंडाळला, डोळे मिटले, आणि नेमकी दारातून हाक आली.

"अरे खलफान! आहेस का जिवंत?"

शेजारी हमूद, त्यांचे मेहुणे सैफ, आणि दोघांच्या आधाराने नव्वदी ओलांडलेले मुसल्लम आजोबा, अशी तिघांची स्वारी आत आली. खजूर आले, हलवा आला, कहव्याची सुरई आली. हमूदची दृष्टी पट्ट्यावर गेली.

"हे काय? दंडाला काय बांधलंयस?"

"रक्तदाब मोजतोय."

"मोज, मोज. आम्ही आपले बसतो."

पाहुणा 'आपला बसतो' म्हणाला, आणि खलफान यांच्या काळजात चर्र झाले! घरात अतिथी रिकाम्या हाताने बसला असता यजमानाने स्वतःच्या दंडाची सेवा करून घ्यावी? सात पिढ्यांत असा अधर्म घडला नव्हता. त्यांनी तत्क्षणी पट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"घ्या! आधी तुम्ही."

"छे छे, सैफ आधी."

"वल्लाह, मी नाही! आधी हमूद."

"वल्लाह, तूच!"

"मी शपथ घातलीये!"

"माझी शपथ आधीची आहे!"

या मानापमानात दोघांचे चेहरे डाळिंबासारखे लाल झाले. अखेर उजव्या हाताला बसलेल्याचा मान पहिला, या कहव्याच्याच न्यायाने पट्टा हमूदच्या दंडावर चढला. सत्तरीपर्यंत दवाखान्याची पायरी न चढल्याची ते नित्य फुशारकी मारीत. यंत्र घुरघुरले. आकडा आला एकशे शहाण्णव!

"पाहिलंस?" हमूद छाती काढून म्हणाले. "दोनशेपैकी एकशे शहाण्णव! शाळेत कधी पडले नव्हते एवढे!"

"अरे, हे कमी असावं लागतं!"

"मग यंत्र बिघडलंय. पुन्हा लाव!" पुन्हा लावले. दोनशे एक!

पुढची पाळी सैफची. पट्टा आवळू लागताच त्यांनी, कहवा पुरे झाला म्हणजे पेला हलवावा, त्या सवयीने मनगट डावी-उजवीकडे हलवले. यंत्र गोंधळले, थांबले, आणि दुप्पट जोराने पुन्हा आवळू लागले.

"बस, बस! पुरे म्हणतोय ना!" सैफ हात हलवीत ओरडले. "खलफान, हे तर तुझ्याहून आग्रही आहे!"

मुसल्लम आजोबांना मापाचा पत्ताच लागला नाही. ते झोपले होते. त्यांचा आकडा एकशे अठरा! सर्वांनी एकमुखाने "माशाल्लाह!" म्हटले.

या सत्कारसमारंभाचे आकडे इमानेइतबारे दवाखान्यात उमटत होते, आणि प्रत्येकावर नाव होते खलफान बिन झहरान! फोन खणखणला.

"काका! कुठे आहात? आडवे व्हा आधी!"

"आडवा कसा होऊ, डॉक्टरबाई? कहवा ओततोय."

"तुमचा रक्तदाब दोनशेवर गेला, मग एकशे अठरावर कोसळला!"

"तो माझा नाही हो. पाहुण्यांचा आहे."

मग डॉक्टरबाईंचा स्वर फार मऊ झाला. वेड्याशी बोलताना शहाण्यांचा होतो, तितका मऊ!

"हो, हो, पाहुण्यांचा. काका, आज वार कोणता? दोन्ही हात वर करता येतात का?"

"एका हातात सुरई आहे!"

"म्हणजे एकच हात उचलतोय! गाडी पाठवते!"

रुग्णवाहिका भोंगा वाजवीत आली. तिच्यातून राशिद नावाचा सेवक प्राणवायूची नळकांडी घेऊन धावत आत शिरला, पण चार वडीलधारी माणसे बसलेली पाहताच त्याचे पाय आपोआप थबकले. त्याने वहाणा काढल्या. उजवीकडून आरंभ करून सर्वांशी हस्तांदोलन केले, आणि नळकांडी मांडीवर घेऊन बसला. खलफान यांनी रीतीप्रमाणे विचारले,

"काय खबर?"

"खबर काही नाही. तुमच्याकडे काय खबर?"

"काही नाही. सर्व कुशल."

"काही नवीन?"

"अल्लाहच्या कृपेने काहीच नाही. कहवा घे!"

"काहीच नाही काय?" राशिदच्या खिशातल्या चालू फोनमधून डॉक्टर बुसैना कडाडल्या. "राशिद, पेल्यांचा आवाज येतोय मला! रुग्ण कसा आहे?"

"तेच सांगतायत, बाई. सर्व कुशल आहे म्हणे!"

"मोज त्यांना!"

राशिदने आपले यंत्र काढले. "वल्लाह, आधी हमूद!" खलफान म्हणाले. या वेळी हमूदनी शपथेचा प्रतिवाद केला नाही. त्यांचे डोके मघापासून ठणकत होते; मानाच्या गडबडीत ते कोणाला सांगायचे राहून गेले होते. आकडा पाहून राशिदने हातातला पेला झटकन हलवून खाली ठेवला.

"हमूदकाका, तुम्हीच चला."

गाडीच्या दारापाशी हमूद-खलफान यांच्यात पुन्हा "आधी तू!" "वल्लाह, आधी तू!" झालेच! निर्णय लागेना, तेव्हा राशिदने दोघांनाही आत लोटले.

दवाखान्यात हमूदच्या रक्तात साखरही सापडली. डॉक्टरबाईंनी औषध सुरू केले आणि त्यांना तिथेच ठेवून घेतले. "आणखी काही दिवस गेले असते, तर फार महागात पडलं असतं," त्या म्हणाल्या. हमूद खाटेवरून खलफानकडे पाहत राहिले.

"तुझ्याकडे कहवा प्यायला आलो आणि दुखणं घेऊन चाललो! हाच का तुझा पाहुणचार?"

"आधी बरा हो, मग भांड," खलफान म्हणाले आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

मग डॉक्टरबाईंनी खलफान यांना पडद्यासमोर बसवले. दुपारचे सारे आकडे तिथे ओळीने उभे होते.

"काका, यातला तुमचा कोणता?"

एकशे अठरावर खलफान यांची नजर स्थिरावली. केवढा सुंदर आकडा! 'हा माझा' एवढे दोन शब्द उच्चारले, की रमजान पदरात! मुसल्लम आजोबा तर झोपेत होते. साक्ष कोण देणार? त्यांनी ओठ उघडले आणि मिटले. ज्या रोज्याच्या दारात खोटे बोलून शिरायचे, तो रोजा कसला? ती निव्वळ उपासमार!

"एकही नाही, बाई," ते खाली मान घालून म्हणाले. "यजमानाची पाळी शेवटी असते. ती आलीच नाही."

डॉक्टरबाईंनी दार लावून घेतले, त्यांना पाठ टेकून बसवले आणि बराच वेळ काहीच बोलू दिले नाही. मग स्वतः पट्टा बांधला. यंत्र घुरघुरले. खलफान यांनी इतकी व्याकूळ प्रार्थना हलव्याची कढई करपत असतानाही केली नव्हती.

एकशे तीस.

डॉक्टरबाईंनी सकाळचे आकडे चाळले, साखरेचे अहवाल पाहिले, आणि चष्मा काढला.

"ठेवा रोजे. गोळ्यांच्या वेळा लिहून देते. चक्कर आली, साखर घसरली, तर त्याच क्षणी रोजा सोडायचा. कबूल?"

"कबूल!" खलफान यांचे डोळे भरून आले. "सगळं कबूल!"

"तशी रमजानची मला चिंता नाही, काका. त्या महिन्यात दिवसा तुमच्याकडे कहव्याला कोणी येणारच नाही. मला धास्ती वाटते ती ईदेची!"

"मग ईदेला तुम्हीही या ना, डॉक्टरबाई!" खलफान गहिवरून म्हणाले. "पट्टा झुवैना बांधेल. वल्लाह, पहिला मान तुमचा!"